नमुना पाकीट ते बातमी : नागली प्रकल्पाच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

आज पोळा. पेठ तालुक्यातल्या करंजाळीहून कोणी येणार नव्हतं, म्हणून मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या खोलीत बसून प्रसिद्धीचा हिशेब मांडला. पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातल्या बायकांचा आमचा गट नागलीचे, म्हणजे नाचणीचे, चार पदार्थ करतो : पीठ, सत्व, पापड आणि बिस्किटं. माल उत्तम आहे, पण नाशिकबाहेर तो कोणाला माहीत नाही. वर्तमानपत्रात जाहिरातीचा दर चौरस सेंटीमीटरवर लागतो. रविवारच्या पुरवणीत नजरेत भरेल एवढी एक जाहिरात दिली, तर आमचे वर्षाचे पैसे तिथेच संपतात.

अध्यक्ष ताईंना फोन केला. जाहिरातीऐवजी पत्रकारांकडे मालाचे नमुने पाठवायचे, हा विचार त्यांना सांगितला. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता, “फुकट दिलं म्हणजे तो चांगलंच लिहील का?” मी म्हटलं, “नाही ताई. आणि तसं व्हावं अशी आपली इच्छाही नको.” बातमीदाराच्या टेबलावर रोज दावे येऊन पडतात. शुद्ध, पौष्टिक, महिलांनी बनवलेलं, गावातलं. त्यातलं खरं काय हे त्याला तपासता यावं, एवढ्यासाठी आपलं पाकीट. चाखता येईल, लेबल वाचता येईल, मागे फोन करून विचारता येईल. त्याला आपण पाठवतो तो पुरावा. ताई म्हणाल्या, “मग पुरावा पक्का पाहिजे.” काम सुरू करायला हे पुरेसं होतं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

यादीचं काम. ‘मा. संपादक’ असं लिहून पाकीट पाठवलं की ते रिसेप्शनवरच राहतं किंवा जो रिकामा असेल त्याच्या तोंडात जातं. म्हणून पद पाहायचं नाही, बायलाइन पाहायची, म्हणजे बातमीवर छापलेलं लिहिणाऱ्याचं नाव. सार्वजनिक वाचनालयात बसून मागचे अंक चाळते आहे. नाशिकच्या पत्रकारितेत शेतीच्या बातम्या मुख्यतः कांदा, द्राक्ष आणि टोमॅटो यांच्या. नागलीवर लिहिणारे फार थोडे, पण जे लिहितात ते मनापासून लिहितात.

यादीत चार प्रकारचे लोक आले. शहर आवृत्तीचे शेती बातमीदार. महिला आणि आहार पुरवण्यांच्या डेस्कवरचे लोक, हे बहुतेक मुंबई-पुण्यात. पेठ आणि सुरगाण्याचे तालुका वार्ताहर. आणि खाण्यावर स्वतंत्र लिहिणारे मोजके लेखक. ‘ॲग्रोवन’सारखं फक्त शेतीचं दैनिक मराठीत २००५ पासून निघतं, ही आपल्यासारख्या गटांसाठी मोठी सोय आहे. तिथला वाचक स्वतः शेतकरी, त्याला ‘सुपरफूड’ सांगून चालत नाही, त्याला दर आणि प्रक्रिया सांगावी लागते.

प्रत्येक नावापुढे मी एक ओळ लिहिते आहे : या माणसाने मागे काय लिहिलं आणि आपल्याकडचं त्याला नवं काय. ही ओळ लिहिता आली नाही तर नाव खोडायचं. यादी बरीच आखडली. चांगलंच झालं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

एका शेती बातमीदाराला आज फोन करायचा होता. केला नाही. केंद्राने कांद्यावरची टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत काढून टाकली आणि निर्यात शुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणलं. अशा दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या शेती बातमीदाराला लासलगावच्या कांदा बाजाराखेरीज दुसरं काही दिसणं शक्य नाही, आणि दिसूही नये. लाखो घरांचा प्रश्न आहे तो.

वहीत नियम लिहिला : फोन करण्याआधी त्या दिवसाची मोठी बातमी पाहायची.

१८ सप्टेंबर, बुधवार

चारपैकी कोणता पदार्थ पाठवायचा यावर आज दुपारभर चर्चा. बायकांचा ओढा पापडाकडे, आणि ते साहजिक आहे. पीठ शिजवून, कुटून, तीळ घालून लाटलेला नागलीचा पापड ही पेठ-सुरगाण्याची खरी ओळख. पण वर्तमानपत्राच्या कचेरीत तळणार कोण? बातमीदार संध्याकाळी टेबलावर असतो, समोर चहा असतो, कढई नसते. सत्वाचंही तेच. ते दुधात किंवा पाण्यात शिजवावं लागतं. पीठ तर घरी नेऊन भाकरी थापल्याशिवाय कळतच नाही, आणि शहरात नागलीची भाकरी थापता येणारे हात कमी झालेत.

म्हणून टेबलावर उघडून खाता येईल अशी बिस्किटं पुढे, आणि सोबत १०० ग्रॅम सत्व, घरी करून बघायला. पापड फक्त त्यांना, जे आधीच हो म्हणतील.

पुण्याच्या एका ताईंच्या घरी चाचणीचं पार्सल कुरिअरने पाठवलं होतं. आज त्यांनी फोटो पाठवले. पापडाचा चुरा झालेला. बिस्किटांच्या कडा ढासळलेल्या, पण बिस्किटं शाबूत. नागलीच्या पिठाला गव्हासारखी धरून ठेवणारी चिकटी नसते, म्हणून आपण बिस्किटात थोडी कणीक घालतोच. ती नसती तर डब्यात भुकटीच पोहोचली असती. पापडांसाठी वर-खाली जाड पुठ्ठ्याच्या चकत्या आणि घट्ट गुंडाळी, असं ठरलं. बाजूची रिकामी जागा जुन्या वर्तमानपत्रांच्या बोळ्यांनी भरायची. बिस्किटांचं पाकीट मात्र दुकानात जातं तेच. पत्रकारांसाठी वेगळा, निवडक घाणा भाजायचा नाही. रॅकवरून हाताला येईल ते पाकीट उचलायचं. तो उद्या दुकानातून विकत घेऊन ताडून पाहू शकतो, तेव्हा दोन्ही एकच असले पाहिजेत.

२३ सप्टेंबर, सोमवार

सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण माह. या महिन्यात आहाराच्या बातम्यांना जागा मिळते, त्यामुळे सुचवणारे खूप. गटाला मदत करणाऱ्या एका हितचिंतकांनी नमुन्यासोबत जाणाऱ्या टिपणात ‘मधुमेहींसाठी वरदान’ घालायला सांगितलं. घालणार नाही. खाद्यपदार्थाच्या लेबलवर किंवा जाहिरातीत रोग बरा होण्याचा दावा चालत नाही, आणि मधुमेहावरच्या उपचाराच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याचीही आडकाठी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्याने आपलं वाचून गोळ्या बंद केल्या तर? हा विचार आला की हात थांबतो. त्यातून आपल्या बिस्किटांत गूळ आहे.

‘ग्लूटेन-फ्री’चंही तसंच. नागलीच्या दाण्यात ग्लूटेन नसतं हे खरं. पण बिस्किटात कणीक आहे, आणि सत्व ज्या चक्कीत दळतो तिच्यातच गहू दळला जातो. भारतात ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर ग्लूटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. आपण ते मोजलेलं नाही, म्हणजे तो शब्द आपला नाही.

टिपणात काय येईल मग? १०० ग्रॅम नागलीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तांदूळ किंवा गव्हापेक्षा कितीतरी पट. सत्वासाठी नागली भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, सुकवतो, भाजतो आणि दळतो. मोड आल्याने ती पचायला हलकी होते. आणि केंद्राने २०२४-२५ साठी ठरवलेला हमीभाव, क्विंटलला ४,२९० रुपये. आदल्या हंगामात तो ३,८४६ होता. गट सभासदांना या भावापेक्षा वर किती देतो, तो आकडा पावत्यांच्या प्रतींसह. बातमीदाराला उपयोगी पडतो तो हा आकडा. ‘सक्षमीकरण’ हा शब्द त्याने हजारदा वाचलेला आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सीएंकडे. फुकट दिलेल्या नमुन्यांवर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये तसं स्पष्ट आहे. तेवढ्या मालावरचं घेतलेलं क्रेडिट परत करावं लागणार. रक्कम किरकोळ, पण नोंद हवी. म्हणून वेगळी नमुना वही घातली : तारीख, लॉट नंबर, पदार्थ, वजन, कोणाला, कशासाठी, पोच. पाकिटावर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का. परवाना क्रमांक, घटक, पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत आणि हिरवी खूण असलेलं छापील लेबल मात्र तसंच राहील.

१ ऑक्टोबर, मंगळवार

टिपण तयार. एक पान, त्याच्या वर नाही. पहिल्या परिच्छेदात बातमी, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात कोणाशी बोलता येईल त्यांची नावं आणि नंबर. नंबर द्यायच्या आधी प्रत्येकीला विचारलं. हरसूलच्या एका मावशी म्हणाल्या, “बोलीन की. पण दुपारी फोन लावा म्हणावं, सकाळी रानात रेंज नसते.” तेही टिपणात घातलं, नाहीतर बातमीदार सकाळी फोन लावून कंटाळेल आणि पुढच्या बातमीकडे वळेल.

फोटोंसाठी वेगळा दुवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला जातो, छपाईला चालत नाही, म्हणून मूळ फाइल. प्रत्येक फोटोखाली ओळ : कुठला, कधीचा, कोण दिसतं. ज्या बायकांचे चेहरे दिसतात त्यांची संमती सहीने घेतली. दोघी नको म्हणाल्या, त्यांचे फोटो काढून टाकले. त्यातला एक सगळ्यांत सुंदर होता. तरीही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्राचा दुसरा दिवस. नाशिकमधली पाकिटं स्वतः नेऊन दिली. आधी प्रत्येकाला मेसेज टाकला होता : ‘नागलीचे पदार्थ करणाऱ्या गटातून बोलते आहे. चाखून बघण्यासाठी छोटा नमुना आणि एक पानाचं टिपण पाठवू का? बातमी करावीच असं अजिबात नाही.’ विचारल्याशिवाय पाठवणं मला पटत नाही. काही संस्था बाहेरून आलेली वस्तू स्वीकारतच नाहीत, आणि प्रेस कौन्सिलचे संकेतही पत्रकाराने भेटी घेऊ नयेत असंच सांगतात. एका बातमीदाराने कळवलं, “नमुना नको, कुठे मिळतं ते सांगा, मी विकत घेतो.” पंचवटीतल्या दुकानाचा पत्ता दिला. या माणसाबद्दल मनात आदर बसला.

शालीमारजवळच्या एका कचेरीत बातमीदार मॅडम भेटल्या. त्यांनी तिथेच पाकीट फोडलं, एक बिस्कीट खाल्लं आणि मागचं लेबल वाचायला लागल्या. “नागली किती टक्के?”

“साठ.”

“मग नागली बिस्कीट का म्हणता? कणीकही आहे की.”

“लेबलवर टक्का पुढच्याच बाजूला आहे मॅडम. कणकेशिवाय ते धरत नाही.”

त्यांनी पाकीट उलटं करून बघितलं, मान हलवली आणि तो टक्का वहीत लिहून घेतला. नमुना हातात असल्याशिवाय हा प्रश्न आला नसता. प्रेस नोट वाचून कोणी टक्का विचारत नाही.

पुणे आणि मुंबईची पार्सलं सीबीएसजवळून कुरिअरने गेली.

९ ऑक्टोबर, बुधवार

एका वार्ताहराचा फोन. बातमी छान लावतो, फोटोसकट, पण दिवाळी विशेष पानात छोटी जाहिरात द्या. मी म्हटलं, “दादा, जाहिरात द्यायची ठरली तर जाहिरात विभागाकडून रीतसर देऊ आणि त्यावर जाहिरात असं छापलेलं असेल. बातमीशी तिचा संबंध नको.” ते रागावले नाहीत. त्यांचीही अडचण मला कळते. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं असतं, जाहिरातीच्या कमिशनवर बऱ्याच जणांचं घर चालतं. पण पैसे देऊन छापलेल्या बातमीला ‘पेड न्यूज’ म्हणतात आणि २०१० पासून प्रेस कौन्सिलने त्याविरुद्ध ठामपणे लिहिलं आहे. गटाच्या बैठकीत हे मांडलं. एक ताई म्हणाल्या, “पैसे देऊन छापलेलं गावात लगेच कळतं. लोक विचारतात, कितीला पडलं?” विषय संपला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिन. यासाठी एका पुरवणीच्या डेस्कशी बोलणं झालेलं होतं, त्यांना विषय आवडलाही होता. दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला : मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ नोव्हेंबर. संध्याकाळी डेस्कवरून फोन आला, पानं कमी झाली, विषय पुढे ढकलतोय.

वाईट वाटलं, पण त्यांचा दोष नाही. आता महिनाभर जिल्ह्यातल्या प्रत्येक बातमीदाराला मतदारसंघ पुरतील. या काळात आठवण करून देणारा एकही मेसेज पाठवायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीसाठी गटाच्या काही सभासदांनी सुचवलं की पत्रकारांना फराळाचे डबे पाठवावेत, ओळख वाढेल. आपुलकीने सुचवलं होतं, म्हणून नीट बसून बोललो. दिवाळीच्या आठवड्यात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सुक्यामेव्याच्या खोक्यांची रास लागते. त्या राशीत आपलं पाकीट पडलं की त्याचा नमुना राहत नाही, ती भेट होते. मग तो पत्रकार आपल्याबद्दल चांगलं लिहिताना स्वतःच बिचकेल, आणि बिचकलाच पाहिजे. म्हणून वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कोणाकडेही काही जाणार नाही. ज्यांना ओळख म्हणून फराळ द्यायचा आहे त्यांनी तो आपापल्या घरी बोलावून द्यावा, गटाच्या नावाने नको.

याच कारणासाठी पाकीट लहान ठेवलंय. बिस्किटांचा एक पुडा आणि १०० ग्रॅम सत्व. रेशमी रिबन नाही, टोपली नाही. मालाची किंमत एवढीच असावी की घेणाऱ्यावर तिचं ओझं राहू नये.

६ नोव्हेंबर, बुधवार

इन्स्टाग्रामवर खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या नाशिकच्या एका तरुणाने स्वतःहून विचारलं. पत्रकाराचे आणि याचे नियम वेगळे. ग्राहक व्यवहार खात्याच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी २०२३ चं स्पष्टीकरण यांनुसार, फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा संबंधच आहे आणि तो प्रेक्षकाला दिसेल असा सांगावा लागतो, व्हिडिओत आणि मजकुरात, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून नाही. दिशाभूल झाली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर ५० लाख. प्राप्तिकराचं कलम १९४आर पण आहे : एकाला वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू दिल्या तर १० टक्के टीडीएसचा विषय येतो. आपला पुडा त्याच्या आसपासही नाही.

त्याला लेखी कळवलं : नमुना गटाकडून विनामूल्य मिळाला हे सुरुवातीलाच बोलावं, चव आवडली नाही तर तसं सांगावं, आरोग्याचे दावे करू नयेत. तो म्हणाला, “ताई, एवढं कोणी सांगत नाही.” व्हिडिओ चांगला झाला. पापड त्याने गॅसवर भाजून खाल्ला, आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये छान आलाय.

२५ नोव्हेंबर, सोमवार

निकाल लागून दोन दिवस झाले. शालीमारच्या मॅडमचा फोन आला, मी काही न कळवता. “ते साठ टक्के माझ्या लक्षात आहे. नागली काढून झाली का? मळणी बघायला मिळेल?” टिपणात मी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की नोव्हेंबरच्या शेवटी करंजाळी परिसरात मळणी चालू असते आणि कोणीही येऊन बघू शकतं. त्या ओळीने काम केलं.

गटाची गाडी पाठवू का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “नको, ऑफिसची व्यवस्था आहे.”

३० नोव्हेंबर, शनिवार

पेठ रस्त्याने सावळघाट ओलांडून करंजाळीच्या पुढच्या पाड्यावर. मॅडम आणि त्यांचे छायाचित्रकार आमच्या आधी पोहोचले होते.

खळं शेणाने सारवलेलं, कणसं दोन दिवस वाळवलेली. चार जणी काठ्यांनी बडवत होत्या, दोघी सुपाने उफणत होत्या. मॅडमनी पहिला तासभर काहीच विचारलं नाही, नुसतं बघितलं. मग विचारायला बसल्या तेव्हा प्रश्न आमच्या टिपणातले नव्हतेच. रोपांच्या वाफ्यावर राब कधी भाजता? आवणीला, म्हणजे रोपं लावायला, किती मजूर लागतात? उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत भाताऐवजी नागलीच का? घरात खायला किती ठेवता आणि विकता किती?

शेवटच्या प्रश्नावर पाड्यावरच्या एक मावशी थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आधी सगळी घरातच खायचो. आता गट भाव देतो म्हणून विकतो, आणि पोरं रेशनचा तांदूळ खातात.” मी शेजारीच उभी होते. आमच्या प्रकल्पाला हे वाक्य सोयीचं नव्हतं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “लिहा. खरं आहे ते.” ज्या दाण्यातलं कॅल्शियम आम्ही शहराला सांगतो तो दाणा पिकवणाऱ्याच्या पोरांच्या ताटातून कमी होत असेल, तर ते छापून आलं पाहिजे आणि गटाने त्यावर काहीतरी केलं पाहिजे.

दुपारी त्याच मावशींच्या घरी नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि लसणाची चटणी. मॅडम जेवल्या. पाहुण्याला न जेवता पाठवणं पाड्यावर कोणाला सुचणारही नाही, आणि ते जेवण गटाच्या खर्चातलं नव्हतं. निघताना पापडाचं पाकीट मात्र त्यांनी पैसे देऊन घेतलं.

८ डिसेंबर, रविवार

आलं. पुरवणीच्या पहिल्या पानावर, उफणणीचा फोटो मोठा. छापायच्या आधी आम्ही मजकूर बघायला मागितला नव्हता. तो मागायचा नसतोच. मावशींचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात जसंच्या तसं. साठ टक्केही आहे. आपल्या बिस्किटांबद्दल दोनच ओळी, आणि त्या पुरेशा आहेत.

एक शब्द खटकला : फोटोखालच्या ओळीत ‘सेंद्रिय नागली’. बायका रासायनिक खत घालत नाहीत हे खरं, पण सेंद्रिय म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं आणि ते आपल्याकडे नाही. मॅडमना सकाळीच कळवलं. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण फायद्याची चूक कोणी दुरुस्त करून मागत नाही. ओळ डेस्कवर लिहिली गेली होती. ऑनलाइन मजकुरात दुपारपर्यंत बदलली, छापील खुलासा उद्या येईल.

१२ डिसेंबर, गुरुवार

फोन रविवारपासून चालू आहेत. नाशिक, सिन्नर, मालेगाव, काही पुण्याचे. विचारणा सत्वाची सगळ्यांत जास्त. नव्या नागलीचं सत्व तयार व्हायला अवधी आहे आणि जुन्याचा साठा संपत आलाय, त्यामुळे प्रत्येकाला खरी तारीख सांगतो आहोत. नागलीचा दाणा वर्षानुवर्षं टिकतो, कीड लागत नाही. पण सत्वाची मुदत लेबलवर छापलेली आहे आणि घाईत दळून ढीग करून ठेवण्यात अर्थ नाही.

लेख कापून काउंटरवर चिकटवायला एका दुकानदाराने मागितला. दिला, पूर्ण. मावशींचा परिच्छेद वगळून नव्हे.

२० डिसेंबर, शुक्रवार

मुंबईच्या एका खाद्यलेखिकेने वर्षअखेरीच्या लेखात आपल्या बिस्किटांचा उल्लेख केला. सत्वाचं मनापासून कौतुक, ‘मोडाचा वास आणि भाजणी दोन्ही जागेवर’. बिस्किटांबद्दल मात्र लिहिलं की गूळ इतका आहे की नागली सापडत नाही.

बैठकीत नाराजी होती. “फुकट खाल्लं आणि वर नावं ठेवली,” असं एक ताई म्हणाल्या. त्यांचं दुखणं खरं आहे, भट्टीसमोर त्याच उभ्या असतात. मी त्यांना लेख पूर्ण वाचून दाखवला. सत्वाच्या कौतुकावर वाचकाचा विश्वास बसणार आहे तो त्याच लेखात बिस्किटांना नाव ठेवलंय म्हणून. मग सगळ्यांनी मिळून एक पुडा फोडला, डोळे मिटून खाल्ला. बराच वेळ कोणी बोललं नाही. भट्टीवरच्या ताईच पहिल्यांदा म्हणाल्या, “गूळ थोडा कमी करून बघू. पाक पातळ पडला तर बिस्कीट फुटेल, म्हणून पाण्याचा अंदाज घ्यावा लागेल.”

लेखिकेला आभाराचा मेसेज पाठवला, खुलासा नाही. नवं बिस्कीट जमलं तर विचारून एक पुडा पाठवू, पुन्हा लिहा असं म्हणणार नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

कमी गुळाचा घाणा आज निघाला. कडा थोड्या ढिसूळ आहेत, चव नागलीची आहे. नमुना वहीत नवा लॉट नंबर टाकला. लेबलवरचा घटकांचा क्रम आणि पोषण तक्ता बदलावा लागेल, तो छापून येईपर्यंत एकही पुडा बाहेर जाणार नाही.

बैठकीत दुसरं ठरलं ते मावशींच्या वाक्यावरून : प्रत्येक सभासद घरच्या खाण्यापुरती नागली आधी बाजूला ठेवेल आणि उरलेलीच गट विकत घेईल. त्यामुळे माल कमी येणार, दुकानदारांना तसं कळवायचं आहे. शालीमारच्या मॅडमनाही कळवायचं आहे, कारण पाड्यावरून निघताना त्यांनी विचारलं होतं की याचं पुढे काय करणार.